घोंगड्यावरची चूळ

बोरीच्या बाजारात देशमुखांनी आमच्या नव्या घोंगड्यावर चूळ टाकली. बापानं आठ दिवस मागावर बसून विणलेलं काळं घोंगडं. आईनं मधे खळगा करून समोर धरलं होतं. त्यांनी तंबाखूच्या तोंडात पाणी घोळवलं आणि मधोमध सोडलं.

"पाणी धरतंय का बघायला नको?"

चांगलं घोंगडं पाणी गळू देत नाही. ते पाहायला लोट्यानं पाणी ओतायची रीत. भरलेला लोटा शेजारीच असायचा. देशमुख मात्र त्यातलंच पाणी तोंडात घ्यायचे. कधी घोंगडं घ्यायचे, कधी नुसते उठून जायचे. आई हसायची. मीही हसायचे. डाग घासून परत चिंचोक्याची खळ लावायचं काम माझं.

निजामाचं राज्य गेलं. चूळ गेली नाही. देशमुखांचं पाहून त्यांचा कारभारी टाकू लागला, मग किराणावाला. आई तर गिऱ्हाईक दिसलं की आधीच खळगा करायची. मोठी झाल्यावर घासाघीस मी करू लागले. भावात मला कुणी हरवलं नाही. चुळीपुढं मात्र मीही हसून खळगा धरायचे.

एकदा देशमुखांचा सालगडी आला. त्यानंही गालात पाणी भरलं. मी अंगावर धावून गेले. "तुझी एवढी हिंमत?"

त्यानं पाणी गिळलं. "मालक टाकतेत तवा तुमी हसता, आक्का. आमाला वाटलं, अशीच पारख करतेत."

खोटं बोलत नव्हता. मान खाली घालून निघून गेला. त्याला हे अर्धं मालकानं शिकवलं होतं. अर्धं आमच्या हसण्यानं.

पुढच्या बाजारी देशमुखांनी लोट्याला हात घातला. मी तो ओढून घेतला.

"पाणी मी ओतते. तोंडातलं न्हाई चालायचं."

"लय शानी झालीस? तुझी माय हसत झेलती की!"

"ती झेलती. मी न्हाई."

"बघतो, बोरीत कोण घेतंय तुझं घोंगडं."

कुणीच घेतलं नाही. सगळा गठ्ठा डोक्यावर घेऊन आम्ही मायलेकी परत निघालो. मान अवघडली होती. वाटेत आई म्हणाली, "जरा हसली असतीस तर काय झालं असतं गं?"

मी थांबले. म्हणाले, "पुढच्या बाजारापासून तू येऊ नको. आलीस तर हसायचं न्हाई. उपाशी राहिलो तरी न्हाई."

आई रडायला लागली. मी तिची समजूत काढली नाही.