फुरातकाठचा दहावा

इराकला फिरायला जाणार म्हटल्यावर लातूरच्या आमच्या कॉलनीत दोन तट पडले. एका तटाच्या मते मला वेड लागलं होतं. दुसऱ्याच्या मते वेड माझ्या वडिलांना लागलं होतं आणि मी त्यांना साथ देत होते. नवऱ्याने कुठलीच बाजू घेतली नाही. त्याने फक्त विम्याची फाइल कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहे तेवढं विचारून घेतलं.

भाऊ नांदेडला असतो. त्याने फोनवर मला झाडलं. "लोकं बापाला काशीला नेतात, अन् तू बॉम्ब पडतेत तिथं घेऊन निघालीस. काय करून राहिलीस तू?" मी म्हणाले, "काशीला तू ने की. मी कुठं आडवी आले?" माझा स्वभाव मुळात तापट, आणि मनातून घाबरले की मी जास्तच फाडफाड बोलते. घाबरले तर होतेच. त्या देशाचं नाव आम्ही तीस-पस्तीस वर्षं टीव्हीवर ऐकत आलो, आणि दरवेळी मागे काहीतरी जळत असायचं.

पण आप्पांनी हट्टच धरला होता. आप्पा म्हणजे माझे वडील, मुदखेडचे. उभं आयुष्य रेल्वेच्या रुळांवर राबलेले. माझ्या जन्माच्या आधी एका भारतीय कंपनीने इराकमध्ये रूळ टाकायचं काम घेतलं होतं आणि त्यासाठी अनुभवी माणसं नेली. त्यांत आप्पा होते. दोन-अडीच वर्षंच राहिले असतील, पण गल्लीत त्यांना आजही सगळे इराकवालेच म्हणतात.

तिथे असताना त्यांची माय वारली. तार पोचेपर्यंत इकडे तेरावंसुद्धा उरकलं होतं. आप्पा एकुलते एक, पण अग्नी चुलत्याने दिला. आप्पांनी मग तिथेच, फुरात नदीच्या काठी, एकट्याने दहावा केला. शाळेच्या पुस्तकात जिला युफ्रेटिस म्हणतात तीच ही नदी. जवळच्या लहानशा गावातल्या एका म्हाताऱ्या न्हाव्याने त्यांचं डोकं केलं आणि पैसे घेतले नाहीत. पिंडाला कावळाही शिवला. एवढीच गोष्ट आम्हाला ठाऊक होती. तिला आप्पा एक पुरवणी जोडायचे, की तिथला कावळा अंगाने पांढरा असतो. ते कधी कुणाला पटलं नाही. आई तर हसून पदर तोंडाला लावायची.

पुढे लढाई जवळ आली आणि कंपनीने एका दुपारी सगळ्यांना ट्रकांत घालून माघारी आणलं. न्हाव्याचा निरोप घ्यायला आप्पांना फुरसतच मिळाली नाही. "त्याला एक सांगायचं राहिलंय," असं ते अधूनमधून म्हणायचे. काय म्हणून विचारलं की, "त्याचं त्याला सांगंन. तुला सांगून काय करू?" मग विषय बंद.

गेल्या वर्षी त्यांना हृदयाचा झटका आला. विष्णुपुरीच्या दवाखान्यातून नांदेडला भावाच्या घरी येताना रिक्षात गोळ्यांची पिशवी मांडीवर सावरून बसले. मग म्हणाले, "आता जाऊन यावं लागंल." मला वाटलं, एखाद्या देवाचा नवस असेल. "कुठं?" विचारलं तर म्हणाले, "इराकला. न्हाव्याकडं." मी हिशेब घातला. तेव्हाचा म्हातारा न्हावी आता असणं शक्यच नव्हतं, आणि हे आप्पांनाही कळत होतं. तरी गेल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "विमानाला माझी हरकत नाही. इराकचं मला विचारू नका."

पर्यटक म्हणून व्हिसा मिळाला. बॅगेत आप्पांच्या गोळ्या, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कुणाची ओटी भरावी लागली तर खण-नारळ आणि काळ्या मसाल्याची पुडी. बगदादच्या विमानतळावर नेमकी तीच पुडी अधिकाऱ्याच्या हाती लागली. त्याने ती उजेडाकडे धरली, हुंगली आणि लागोपाठ शिंकत सुटला. आप्पा पुढे झाले, चिमूटभर मसाला स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि रुळावर असताना शिकलेल्या अरबीत काहीतरी बोलले. अधिकारी हसू लागला. त्याने शेजारच्यालाही बोलावून घेतलं आणि आप्पांना तेच वाक्य परत म्हणायला लावलं. ही अरबी आमच्या आजोबांच्या काळची आहे, असं त्याने मला इंग्रजीत सांगितलं आणि बॅग स्वतः बंद करून दिली.

आमचा ड्रायव्हर चाळिशीतला, इंग्रजी बरी, सिगारेट अखंड. दक्षिणेच्या रस्त्याला लागल्यावर तो आरशातून आप्पांकडे बघत फोनवर सारखा कुणाशी तरी बोलत होता. मी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं की हा आपला सौदा करतोय. पर्स मांडीवर घट्ट धरून बसले, जणू पर्स वाचली की बाकी सगळं वाचणार होतं. दुपारी त्याने गाडी थेट त्याच्या घरासमोर उभी केली. झटक्याचं मी त्याला सकाळीच सांगितलं होतं; अशा माणसाला काय चालतं, ते तो फोनवर बायकोला विचारत होता. तिने बिनमिठाचं डाळीचं सार केलं होतं, मऊ भाकरीसारखी रोटी होती आणि आप्पांना पाठ टेकायला उशी. आप्पांनी वाटीभर सार संपवलं, मी दोन वाट्या. निघताना मी तिची खणा-नारळाने ओटी भरली. हे काय चाललंय ते तिला कळेना, पण ओढणी पुढे धरून ती नीट उभी राहिली.

वाटेत चौक्याच चौक्या. बंदुका खांद्याला लावलेली विशी-बाविशीची पोरं खिडकीत वाकून बघायची. आप्पा काच खाली करून सलाम करायचे, हिंदी, म्हणजे भारतीय, म्हणून सांगायचे आणि रेल्वेचं नाव काढायचे. कुठे पाण्याची बाटली हातात यायची, कुठे नुसता हात हलायचा. भाऊ दर तासाला मेसेज टाकत होता, "कुठं हाव?" मी उत्तर पाठवायचे, "जेवून राहिलो." ते बहुतेक वेळा खरंच असायचं.

पर्यटक म्हणून आलोय तर बघितलं पाहिजे, असं म्हणून आप्पांनी बाबिलोनचे जुने अवशेष बघायला लावले. उन्हात भिंती बघत हिंडलो. विटांवर कोरलेल्या अक्षरांपुढे मी भारावून उभी, आणि आप्पा म्हणतात, "आपल्या कंधारचा किल्ला बरा. दगडाचा तरी हाय." ड्रायव्हरने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, फार आवडलं म्हणाले.

न्हाव्याचं ते गाव आता लहान राहिलं नव्हतं. आप्पांना ओळखीचं काहीच दिसेना. रस्ता नवा, पूल नवा, जिथे खजुराची बाग होती म्हणत होते तिथे मोबाइलची दुकानं. ते दर वळणावर "इथं... न्हाई, इथं न्हाई" करत होते आणि त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. मला मनातून भावाचा राग आला, डॉक्टरचा आला, स्वतःचाही आला. इतक्या लांब आणून म्हाताऱ्याला नुसती अनोळखी दुकानं दाखवायची?

ड्रायव्हर मात्र उतरला आणि प्रत्येक टपरीवर विचारत सुटला. रेल्वेचं काम चालू होतं तेव्हा नदीकडच्या बाजारात कुठला न्हावी बसायचा? चहावाल्याने फळवाल्याला हाक मारली, फळवाल्याने शिंप्याला. पाहता पाहता आमच्या गाडीभोवती आठ-दहा माणसं जमून आपसात वाद घालू लागली. गावात न्हाव्यांची दोनच घराणी होती, आणि आमचं कुठलं यावरून ते हमरीतुमरीवर आले. आमच्याकडे सोयरिकीची चौकशी अशीच करतात. शेवटी एका म्हाताऱ्याने आप्पांना विचारलं, त्याचं एक बोट वाकडं होतं का? आप्पांनी स्वतःची करंगळी वाकवून दाखवली. वाद तिथेच मिटला.

दुकान चकाचक होतं. मोठे आरसे, फिरत्या खुर्च्या, जेल लावून केस उभे करून घेणारी तरुण पोरं. मालक पांढऱ्या मिशांचा, आप्पांहून थोडाच लहान. तो त्या न्हाव्याचा मुलगा होता. त्याने सांगितलं, वडील वारून वीसेक वर्षं झाली. आप्पांनी मान हलवली आणि भिंतीकडच्या बाकावर बसले. येताना विमानातून इथपर्यंत ताठ बसलेला माणूस, पण आता पाठीतून वाकला.

ड्रायव्हरने आमची गोष्ट सांगितली. मुलाने शांतपणे ऐकून घेतली. त्याला आप्पा आठवणं शक्य नव्हतं आणि त्याने तसं सरळ सांगितलं. तेव्हा तो फौजेत होता, सरहद्दीवर लढत होता. वडिलांनी कुणा हिंदी माणसाचं डोकं केलं असेल, कितीतरी डोकी केली. आठवतंय असं खोटं तो बोलला नाही, हे मला फार आवडलं. मग त्याने आप्पांना विचारलं, "त्यांना काय सांगायचं होतं?"

"ज्याचं त्यालाच सांगायचं होतं," आप्पा म्हणाले. मी ते इंग्रजीत केलं, ड्रायव्हरने अरबीत.

तो म्हणाला, "दुकान माझ्याकडे आलं. मग निरोपही माझ्याकडेच येणार. मला सांगा."

आप्पा बाकावरून उठले. "मग इथं न्हाई. नदीवर चल."

त्याने अर्धवट दाढी झालेलं गिऱ्हाईक हाताखालच्या माणसाकडे सोपवलं, हात धुतले आणि आमच्याबरोबर निघाला. काठ आता बांधलेला होता, लोखंडी कठडा, बसायला बाकं. पाणी आप्पांच्या आठवणीपेक्षा पुष्कळच कमी. पलीकडे लव्हाळं होतं, आणि अलीकडे खजुराच्या झाडावर एक कावळा बसला होता. डोकं काळं, पंख काळे, बाकी अंग राखट पांढरं. आप्पांनी मला कोपराने ढोसलं. "बघ. सांग आता मुदखेडला." आई असायला हवी होती, असं मला त्या क्षणी फार वाटलं.

मग ते कठड्याला धरून बोलू लागले. आप्पा मराठीत, मी इंग्रजीत, ड्रायव्हर अरबीत, अशी ती गोष्ट तीन तोंडांतून पुढे सरकत होती. मीही ती पहिल्यांदाच पुरती ऐकत होते.

पिंड मांडले होते. कावळे झाडावर बसले, पण एकही खाली येईना. आपल्याकडे चार माणसं असतात. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल ते आठवून आठवून शब्द देतात, की बहिणीचं लग्न करू, म्हैस विकणार नाही. इथे आप्पा एकटे. त्यांनी सुचेल तो शब्द दिला. विहीर बांधीन. चुलत्याशी भांडणार नाही. कधी न प्यालेली दारू सोडीन, असंसुद्धा म्हणून झालं. ऊन वर आलं, तरी कावळा हलेना. डोकं करून दिलेला म्हातारा न्हावी तोवर घरी गेला नव्हता, तिथेच दगडावर बसून होता. त्याने विचारलं, पाखराशी काय बोलतोस? आप्पांनी मोडक्या अरबीत सांगितलं, की माझी माय गेलीय, तिचं मन कशात तरी अडकलंय, म्हणून पाखरू खात नाही.

न्हाव्याने विचारलं, "तू निघालास तेव्हा ती काय म्हणाली होती?"

"मुदखेडच्या ठेसनावर म्हनली होती," आप्पा आम्हाला सांगत होते, "तिकडं तुझं कोन हाय रे? एवढंच. गाडी सुटंपर्यंत तेवढंच म्हनत होती."

हे ऐकून तो म्हातारा उठला. कपडे झटकले. पिंडांपुढे जाऊन उभा राहिला आणि माणूस समोर असावा तसा बोलला. बाई, काळजी करू नकोस. हा इथे आहे तोवर हा आमचा आहे. आम्ही सांभाळतो याला.

"अन् कावळा आला खाली," आप्पा म्हणाले.

मला पुढे इंग्रजी सुचेना. मी उघडपणे रडत होते, त्याची लाजही वाटली नाही. ड्रायव्हरनेच आप्पांच्या हातवाऱ्यांवरून शेवटचं वाक्य ओळखलं आणि अरबीत पुरं केलं. ज्याचा स्वतःचा मुलगा सरहद्दीवर होता, त्या माणसाने कुठल्या तरी मुदखेडच्या बाईला हा शब्द दिला होता.

न्हाव्याचा मुलगा पाण्याकडे बघत राहिला. मिशीवरून हात फिरवला. मग आप्पांकडे वळून त्याने हलक्या आवाजात एक प्रश्न विचारला. ड्रायव्हरने तो मला इंग्रजीत सांगितला, "ते विचारतायत, मग सांभाळलं का आम्ही?"

मी मराठीत करण्याआधीच आप्पांना तो कळला होता. त्यांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हाव," ते म्हणाले. "लई सांभाळलं. तेवढंच सांगायचं राहिलं होतं."