गंगाक्काच्या परसातला खड्डा

शेजारची गंगाक्का गेली हे मला रामनगरच्या बसथांब्यावर कळलं. मी कुंभारवाड्याहून, माहेरून परतत होते. तिकडे फोनला रेंज नसते, निरोप पोचलाच नव्हता. गल्लीतल्या एका बाईनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "काल माती झाली, सुमन." ... घरी न जाता मी तिच्या दारात गेले. तिचा नवरा, आमचे दादूअण्णा, उंबऱ्यात बसले होते.

दादूअण्णांचा धंदा कातडं कमावण्याचा. परड्यातल्या दगडी कुंड्यांत चुन्यात भिजवायचं, केस-मांस खरवडायचं, मग झाडाच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं. खरवडलेलं सगळं घरामागच्या उतारावर पडायचं. पावसात ते ओघळून खाली आमच्या भातात येई; ओहोळाला म्हशी तोंड लावत नसत. सासूबाईंनी पंचायतीत तक्रार केली. गाव म्हणालं, घाण थांबवा, नाहीतर कुंड्या बुजवा.

गंगाक्काच्या परसात अबोली होती. तिचे वळेसर, म्हणजे गजरे, करून ती थांब्यावर विकायची, तेवढीच तिची हौस. ती सगळी अबोली तिनं उपटली आणि तिथं ती घाण कुजवायला खड्डा काढला. मी कुंपणाशी उभी होते. म्हटलं, "अक्का, फुलं कशाला काढलीस?"

"दुसरी जागा कुठं हाय?" ती म्हणाली. "कुंड्या गेल्या तर ह्यांनी करायचं काय? दुसरं काय येतंय त्यांना?"

पहिल्यांदा सगळं एकत्र टाकलं, ते कुजण्याऐवजी नासलं. गल्ली हैराण झाली, लोक येऊन बोलून गेले. तिनं ते उपसलं. मग चुन्याचा गाळ वेगळा ठेवला, केस आणि मांस धुऊन घेतलं, वर भाताचं पिंजर, शेण, पालापाचोळा असे थर दिले. वापरलेली साल वाळवून चुलीला लावली. केस कुजायला फार वेळ घेतात; ती दर थोड्या दिवसांनी खोऱ्यानं सगळं खालीवर करी. उतारावर मात्र पुन्हा काही पडलं नाही. ओहोळ निवळला, कुंड्या राहिल्या.

खत काळंभोर, भुसभुशीत झालं, पण कातड्याचं म्हणून कुणी हात लावेना. तिनं खड्ड्याकडेला केळी लावल्या. पहिला घड आमच्याकडे पाठवला. सासूबाईंनी तो ओसरीत टांगला, कुणाला खाऊ दिला नाही. एका दुपारी पाहते तर त्या स्वतःच एक केळं सोलत होत्या. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "तिला विचार, दोन बुट्ट्या खत देती काय." मी निरोप सांगितला तेव्हा गंगाक्का नुसती हसली आणि पदरानं डोळे पुसत बुट्टी शोधायला गेली.

या पावसाळ्यात तिला काविळीनं धरलं. बेळगावला नेलं, पण उशीर झाला होता.

परवा संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्या घरी गेले. परसात दादूअण्णा खरवडलेल्या केसांवर पिंजर पसरत होते. थर जाड पडला होता, एका बाजूला उघडा राहिला होता. हात धुऊन ते कडेला बसले आणि मला विचारलं, "वास येतोय काय गं?"

हा प्रश्न गंगाक्काचा. खड्ड्यापाशी आलेल्या प्रत्येकाला ती अगदी अशीच विचारायची, मान थोडी खाली घालून.

वास येत होता.

"न्हाई अण्णा," मी म्हटलं, आणि उघड्या राहिलेल्या बाजूला मूठभर पिंजर टाकलं.