गव्हाणीवरची ताडपत्री

"पयले काका," असं म्हणत भिंतीपलीकडचे बाबुजी दिवेलागणीला नातीचे हात जोडून द्यायचे. सहा वर्षांची रूथ मग डोळे घट्ट मिटून देवाजवळ माझ्यासाठी मागणं मागायची. तिच्या आईबापाचा नंबर माझ्यानंतर लागायचा.

काका म्हणजे मी. मला सख्खा भाऊ दारात उभा करत नाही, आणि हे ख्रिस्ती म्हातारे पहिला मान देतात, म्हणून मी भलताच फुगलो. तुमसरच्या राईस मिलमध्ये मी कामाला आहे, तिथं चारचौघांत सांगूनही टाकलं. शेवटी एकदा रूथलाच विचारलं, बाई, पयले मीच कायले?

"ज्याच्याशी पटत नाही, त्याचं नाव पयले घ्याचं, आजोबा म्हनतेत," असं सांगून ती लंगडी घालत निघून गेली.

न पटायचं कारण कोंबड्या. मी गल्लीत धान वाळू घातला की बाबुजींच्या कोंबड्या पाहुण्यासारख्या जेवायला हजर. मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, कोंबड्यांच्याही आणि बाबुजींच्याही. तुम्हीही असे भांडले असाल, पण माझ्याइतका आवाज लावला नसेल. बाबुजी जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर होते, आरडाओरड्याची त्यांना सवय. "बरोबर हाये तुमचं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते काठी घेऊन माझ्या धानापाशी स्टुलावर बसू लागले. बाजूला रूथ, तिच्या हातात बारकी काडी. मी मिलमधून येईपर्यंत दोघं उन्हात राखण करायचे. मला वाटलं, घाबरले.

नाताळ जवळ आला तशी रूथ बाळ येशूच्या गव्हाणीसाठी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मागायला आली. माझ्या घरामागं छपराएवढा ढीग होता. "मंग माहे बैल काय खातीन?" मी म्हणालो. बैल मी दोन वर्षांपूर्वीच विकले होते. पोर हिरमुसली. बाबुजींनी तिला तलावाच्या पाळीवर नेलं आणि वाळलेलं गवत आणून अंगणात गव्हाणी केली. वरून निळी ताडपत्री बांधली.

दोन दिवसांनी भर दुपारी अवकाळी पाऊस आला. मी मिलमध्ये, धान गल्लीत. जीव मुठीत धरून सायकल हाणत आलो. पाहतो तर धानावर ताडपत्री, कडेनं विटा. माझ्यासारखा मीच. पहिलं वाक्य काय निघालं, तर माझ्या धानावर विटा कोणी ठेवल्या.

मग भिंतीपलीकडं पाहिलं. गव्हाणी उघडी पडली होती. कागदाची चांदणी लोंबत होती, गवताचा चिखल झाला होता. रूथ हुंदके देत होती आणि बाबुजी दुपट्ट्यानं मातीचा बाळ येशू पुसत होते. त्याच्या गालांचा रंग दुपट्ट्याला लागला होता.

"बाळ येशू ओला झाला त सुकते, बाई. धान ओला झाला त कोंब निंगते. काकाचं वर्षाचं खानं हाये ते."

"पन ताडपत्री त आपली होती."

"म्हनूनच त देता आली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरामागं गेलो आणि तणसाच्या चार पेंढ्या डोक्यावर घेऊन त्यांच्या अंगणात टाकल्या. बाबुजींनी पेंढ्या पाहिल्या, मला पाहिलं. "बैलाले ठेवलं ना?" त्यांनी विचारलं. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं.

बाबुजींना जाऊन आता दोन वर्षं होतील. मला त्यांची फार आठवण येते. धान वाळू घातला की सुट्टी टाकून त्यांच्याच स्टुलावर मी राखण करत बसतो. कोंबड्या येतात, पण काठी उचलवत नाही. दर नाताळाला न मागता तणस पोचवतो. म्हणजे मी सुधारलो, असा माझा समज.

पण दिवेलागणीला भिंतीपलीकडून अजून पहिलं नाव माझंच ऐकू येतं. परवा राखण करता करता न राहवून रूथला म्हणालो, आता त आपलं पटते ना, बाई, मंग अजून मीच पयले काहून?

ती विचारात पडली. "थांबव म्हनून आजोबानं सांगतलंच नाही," ती म्हणाली.

मीही सांगितलं नाही. स्टुलावर तसाच बसून राहिलो. कोंबड्या धान खात होत्या.