बंद सर्व्हरवर उघडलेलं नानाचं पान

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचते, पण विश्वास म्हणाल तर शून्य. माझं कामच तसं आहे. वेबसाइट बिघडली की लोक म्हणतात, "मॅडम, आपोआप झालं हो!" आणि मग मी शोधून दाखवते की दादा, तुम्हीच काहीतरी दाबलंयत. आपोआप काही होत नसतं, हे मी आजवर छातीठोकपणे सांगत आले. त्यामुळे खालचं लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहिते.

आमचं गाव वसई आणि नायगावच्या मध्ये, खाडीला लागून. नाव सांगत नाही, नाहीतर उद्या वसईच्या होळी बाजारात भाजी घेताना सगळ्या मावश्या मलाच घेरतील. गावामागे बांध, बांधाच्या आत आमची भातशेती, पलीकडे खाडी. बांधाला एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणायचे. भरतीच्या आधी ती लावायची. विसरलात तर खारं पाणी शेतात घुसलं आणि वर्षाचा भात गेला म्हणून समजा. बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नाना काका, आळीपाळीने हे काम करायचे. दोघांचा एक नेम होता – ज्याने उघाडी लावली त्याने घरी येऊन दुसऱ्याला तोंडाने सांगायचं. "दादा, उघाडी लावली." ते कानावर पडेपर्यंत बाबा ताटावर बसायचे नाहीत. आई करवादायची, भात निवायचा, पण नेम म्हणजे नेम.

भरतीची वेळ तिथीवरून काढायची. तिथीची पाऊणपट केली की झालं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट, सहा वाजता पूर्ण भरती. वर्गात कुणाला न येणारी पाऊणकी मला बांधावर बसून पाठ झाली होती. काय दिवस होते ते! चिखलाचे पाय, नानाच्या खांद्यावरची मी, आणि समोर चढत येणारं पाणी.

पुढे नानाने तुळिंजला कॉम्प्युटर क्लास काढला. माझा पहिला कोड मी तिथेच लिहिला. भरती सांगणारं एक पानही त्याने पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत बनवलं होतं. कॉम्प्युटरची तारीख बघून ते तिथी काढायचं आणि वेळ सांगायचं. गर्द निळ्या पानावर पिवळीधमक अक्षरं... नानाची आवड! बाबा त्याला चिडवायचे, "तुज्या डब्याला खाडी म्हाईत हाय का रं?"

नाना जाऊन आता काही वर्षं झाली. शेती त्याआधीच सुटली होती. उघाडी कुजली, तिथे आता सिमेंटची भिंत आहे. आणि गेल्या वर्षीपासून बाबांना विसरायला व्हायला लागलं. दुपार कलली की सुरू, "नाना आला का? उघाडी लावली का त्यान?" समजावलं तरी पायात चपला सरकवून बांधाकडे. एकदा तर भर भरतीत, चिखलात मांडीपर्यंत रुतलेले सापडले. नानाला हाका मारत होते. गावातल्या पोरांनी ओढून काढलं म्हणून वाचले. तेव्हापासून दुपार झाली की आईचा जीव टांगणीला.

मला वाटलं, नानाचं ते पान दाखवलं तर कदाचित घरात बसतील. त्याच्या जुन्या हार्डडिस्कमध्ये फाइल सापडली. रविवारी दुपारी ती लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर घेऊन बसले.

आता ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी – असलं पान आधी सर्व्हर नावाच्या प्रोग्रामला चालवावं लागतं. फाइल नुसती उघडली तर कोडच दिसतो, म्हणजे ताटात कच्चे तांदूळ. म्हणून लॅपटॉपवरच लोकल सर्व्हर टाकला. तो सुरूच होईना, कारण त्याचा पोर्ट, म्हणजे ये-जा करायचं दार, दुसऱ्याच प्रोग्रामने अडवला होता. पोर्ट बदलला. सर्व्हर चालला, पण पानावर कोडच! नानाची कोड सुरू करायची जुनी पद्धत नवं पीएचपी ओळखत नव्हतं. सेटिंग बदलायला गेले तर सर्व्हर पुन्हा बसला तो उठेचना. रोज लोकांना शहाणपण शिकवणारी मी, स्वतःच्या घरात हात टेकले. वैतागून सगळं बंद केलं.

तोवर बाबा चपला घालून उठले होते.

"बाबा, थांब जरा," म्हणत मी दाराला कडी घालायला धावले. वळून बघते तर बाबा लॅपटॉपसमोर बसलेले, आणि डेस्कटॉपवरची फाइल त्यांनी दाबलेली. स्क्रीनवर गर्द निळं पान. पिवळी अक्षरं.

आज अष्टमी. पूर्ण भरती संध्याकाळी सहा वाजता.

आणि खाली – दादा, उघाडी लावली.

बाबांनी ते मोठ्याने वाचलं. चपला काढून नीट कोपऱ्यात ठेवल्या. आईला म्हणाले, "वाढ गो, भूक लागली." भर दुपारी पोटभर जेवले आणि शांत झोपले. आई पदर तोंडाला लावून रडत होती. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

मग माझ्यातली मॅडम जागी झाली. बघितलं तर सर्व्हर बंद. फाइल थेट डेस्कटॉपवरून उघडलेली. रिफ्रेश केलं... कोडच कोड! नानाची अख्खी डिस्क धुंडाळली, 'उघाडी' हा शब्द कुठल्याही फाइलमध्ये नाही. ऑफिसातला मित्र म्हणाला, ब्राउझरने जुनं पान साठवलं असेल. अरे, पण या लॅपटॉपवर ते एकदाही चाललं नव्हतं, साठवणार कुठून? आणि ते वाचणारी मी एकटी नव्हते, आईनेही वाचलं. आईला मात्र कसलाच प्रश्न पडलेला नाही. "त्यान सांगितलान, झाला," एवढंच ती म्हणते.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून सर्व्हर रीतसर दुरुस्त केला. पान चालू झालं, पण फक्त तिथी आणि भरती. दुपारी बाबा पुन्हा निघाले तर, या भीतीने ती खालची ओळ मीच कोडमध्ये लिहून ठेवली आणि पान त्यांच्यासमोर धरलं. बाबांनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"काल लावली ना त्यान," ते म्हणाले, "आता कोन उघडतंय ती?"

त्यानंतर ते बांधाकडे गेलेले नाहीत. नानाबद्दल बोलतात, हसतात, पण कुठे आहे म्हणून विचारत नाहीत. त्या दुपारी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. मी लिहिलेली ओळ तेवढी त्याच दिवशी पुसून टाकली. ते सांगायचं काम नानाचं होतं.