पूर्वेकडे तोंड केलेला माईक

मी गिटार वाजवतो हे अख्ख्या कळंबला माहीत होतं. मला थांबवायचं कसं, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. बाबांनी तर नादच सोडला होता. मी तार छेडली की "काय टिंगटिंग लावली बे!" म्हणत ते घराबाहेर पडत, ते थेट जेवायलाच परतत. त्यांनी एकदा तरी माझं पूर्ण गाणं ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती.

साठ सालाच्या आसपास ताईचं लग्न निघालं. मी वाजवायला बसलो की बाबा पंगतीकडे पळणार, हे नक्की! म्हणून पार तिथवर आवाज पोचवणारा माईक निवडायला मी यवतमाळला, माईक-भोंगे भाड्याने देणाऱ्या करीमभाईंच्या दुकानात गेलो.

"भाऊ, ये छोटावाला बिलकुल पास रखना पडता. ये बडा दूर का भी पकडता."

मोठा चालू करताच भोंग्यातून रस्त्यापलीकडच्या टांग्याचा घोडा शिंकला. घोड्याची शिंक पकडणारा माझी गिटार सोडेल? (माईक मोठा घेतला; अक्कल होती तेवढीच राहिली.)

लग्नात मी मांडवात गिटार घेऊन बसतो तोच आत्याबाई आरतीचं ताट घेऊन हजर!

"थांब रे! नवी वस्तू पूजेबिगर सुरू करतेत का?"

"आत्या, भाड्याची हाये!"

"मंग तं कराच लागते. कोणाकोणाच्या घरून आली आसन! अन् याचं तोंड पश्चिमेले काहून?"

हळदकुंकू लावून त्यांनी माईक गर्रकन पूर्वेला वळवला. पश्चिमेला मी होतो. पूर्वेला पंगत.

आत्याबाईंशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नव्हती. शिवाय तो घोडा तरी कुठे माईकसमोर उभा होता? मी डोळे मिटून वाजवू लागलो.

भोंगा रस्त्यावरच्या कडुलिंबाला बांधलेला. पंगतीच्या गलक्यात तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि गाव ऐकत होतं, "वरण आण, वरण! अबे, व्याह्याच्या पानात बुंदी कुठी हाये?" रस्त्यावर हशा पिकला. गाण्यात गुंगलेल्या मला तेवढा हशाच ऐकू आला. वाटलं, रंगलं!

मग भोंग्यातून व्याह्यांचा आवाज आला, "तो गिटारवाला पोरगा तुमचाच ना?"

आणि बाबांचा. "माहाच. लय गोड वाजोते. मी घराबाहेर पडतो ना, तं खिडकीखाली उभा राहून ऐकतो. समोर बसलो तं घाबरते अन् चुकते पोट्टं."

माझी बोटं तारांवरच थांबली. डोळे उघडले, तर सगळा मांडव धूसर दिसत होता.

"थांबला काहून बे?" भोंगा बाबांच्या आवाजात गरजला. "वाजव ना!"

मी पूर्ण गाणं वाजवलं. त्यातला एक सूरही भोंग्यापर्यंत पोचला नाही. लग्न निर्विघ्न पार पडलं ते त्यामुळेच, असं आत्याबाई अजून गावच्या चिंतामणी गणपतीची शपथ घेऊन सांगतात!