राजाच्या बाजूचे काका

जर्सी सिटीतल्या आमच्या उंच इमारतीत दर जूनमध्ये एका रविवारी सकाळी लिफ्टचं दार उघडायचं आणि आतून जाड लोकरीचा लाल कोट घातलेला एक नागपूरकर बाहेर यायचा. बाहेर अंगाची लाही होत असायची. पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले, कोटाला पितळी बटणं, काखेत तिकोनी टोपी आणि नाकावर ऑफिसात लावतात तोच बायफोकल चष्मा. दारावरचा माणूस त्यांना सलाम ठोकायचा, तेही तितक्याच गंभीरपणे मान लववायचे. इमारतीतली मुलं त्यांना रेडकोट अंकल म्हणायची. आम्हा मराठी मंडळींत ते लालकोट काका.

मी सांगलीहून शिकायला आले, नोकरी लागल्यावर त्या इमारतीत राहायला गेले आणि त्यांच्या शेजारचं दार मला मिळालं. घरात ते, माधवीकाकू आणि मुलगी ईशा. काका मॅनहॅटनमधल्या एका वित्तीय कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. ईशा बालवाडीत असताना ते या देशात आले होते. ग्रीन कार्डासाठी अर्ज केलेला होता, आणि त्या रांगेत त्यांचे केस पांढरे झाले होते. त्याबद्दल ते कधी कुरकुर करत नसत. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, "फाइल आहे आत. हलते हळूहळू."

त्या लाल कोटाची गोष्ट अशी. ईशा लहान असताना शाळेच्या प्रोजेक्टसाठी ते तिला घेऊन तासाभराच्या अंतरावरच्या एका गावी गेले होते. इंग्लंडच्या राजाविरुद्ध वसाहतींनी जे युद्ध पुकारलं, त्यातली एक चकमक त्या गावाच्या माळावर झाली होती, आणि गावकरी दर वर्षी ती जशीच्या तशी करून दाखवतात. त्यांचा म्होरक्या टॉम नावाचा निवृत्त फायरमन. त्या वर्षी त्याची एकच अडचण होती. गावातल्या प्रत्येकाला बंडखोर व्हायचं होतं आणि लाल कोटातलं राजाचं सैन्य व्हायला माणसं नव्हती. टॉमनं बघ्यांना विचारलं, राजाच्या बाजूनं कोण येतं? काकांनी हात वर केला. पहिल्याच गोळीबारात त्यांनी छातीवर हात धरून गवतात अंग टाकलं आणि खेळ संपेपर्यंत उन्हात पडून राहिले. पुढच्या वर्षी टॉमनं त्यांना स्वतःहून फोन केला.

मराठी मंडळाच्या गणपतीत यावरून त्यांची थट्टा व्हायची. त्यांचे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, आणि नातू मात्र इंग्रजांचा कोट घालतो. काका हसत नसत. ते खरंच उत्तर द्यायचे. म्हणायचे, "बंड करणाऱ्यांच्या बाजूनं उभं राहिलं की बंड सोपं वाटतं. ते किती अवघड होतं हे पलीकडून दिसतं."

सरावाला जाताना कधीकधी ते मला गाडीतून घेऊन जायचे. शेजारी बसून मी वसाहतींचा इतिहास शिकले. माझ्या डोक्यात शाळेतलं इतकंच राहिलं होतं, की चहावर कर बसला, लोकांनी पेट्या समुद्रात फेकल्या आणि देश स्वतंत्र झाला. काकांना याचा फार राग यायचा. "स्वातंत्र्य मागायला कोणी निघालंच नव्हतं," ते सांगायचे. त्या लोकांना इंग्रज असल्याचा अभिमान होता. राजाच्या वाढदिवसाला ते मेजवान्या द्यायचे. राजाच्या लढाईचं कर्ज डोक्यावर आलं आणि ते फेडायला कागदावर, काचेवर, चहावर कर बसले, तेव्हाही त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ज्या सभेत आमचा माणूस बसत नाही, त्या सभेनं आमच्यावर कर बसवू नये. हे त्यांनी नम्रपणे लिहून कळवलं. उत्तर आलं नाही, पुन्हा लिहिलं. विलायती कापड घेणं बंद केलं, पुन्हा लिहिलं. गावात सैन्य आलं, बंदराला कुलूप लागलं, तरी पुन्हा लिहिलं. इकडे गोळीबार सुरू झाल्यावरसुद्धा शेवटचा एक अर्ज समुद्रापलीकडे गेला, आणि राजानं तो हातात घ्यायलाही नकार देऊन सगळ्यांना बंडखोर ठरवून टाकलं.

गोष्टीत इथवर आले की काका गाडीचा वेग नकळत कमी करायचे. म्हणायचे, "तोवर ते प्रजा होते. त्यांना परकं राजानंच केलं."

असा हा माणूस स्वतःच्या आयुष्यात मात्र विलक्षण भित्रा होता. भित्रा हा शब्द मी प्रेमानंच वापरते, कारण ती भीती आम्हा सगळ्यांच्याच घरात होती, त्यांनी फक्त ती लपवली नाही. ते कधी वेगमर्यादा ओलांडत नसत. रस्त्यात निदर्शनं दिसली तर पलीकडच्या फुटपाथवर जायचे. एका हिवाळ्यात आमच्या इमारतीचं हीटिंग सारखं बंद पडत होतं, म्हणून भाडेकरूंनी लॉबीत फलक घेऊन उभं राहायचं ठरवलं. काकांनी मॅनेजमेंटला तीन परिच्छेदांची फार सुरेख ईमेल लिहिली, पण लॉबीत आले नाहीत. फोटो काढतात तिथं, असं त्यांनी मला दारातच हळू आवाजात सांगितलं. "आपलं स्टेटस असं आहे ना, कशाला उगाच." स्टेटस, म्हणजे व्हिसावरचं राहणं, हा शब्द त्या घरात पथ्यपाण्यासारखा होता. काय करायचं आणि काय नाही, हे त्यावरून ठरायचं.

ईशा कॉलेजात गेली आणि हे पथ्य मोडलं. तिची मराठी बरी होती, पण चिडली की इंग्रजीत जायची. एकवीस पूर्ण झाली की तिला आईवडिलांच्या व्हिसावर राहता येणार नव्हतं. ज्या देशात ती अक्षर गिरवायला शिकली, तिथं ती परदेशी विद्यार्थिनी म्हणून नव्यानं अर्ज करणार होती. तिच्यासारखी मुलं एकत्र येऊन सभा घेत होती. एका सभेत ती माइक धरून उभी असल्याचा फोटो कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

त्या शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. काकूंनी भरली वांगी केली होती. काकांनी फोटोचा विषय काढला, अगदी मऊ आवाजात. अशा गोष्टींनी फाइलवर परिणाम होतो, थोडं थांब, आपला नंबर जवळ आलाय, असं ते सांगत राहिले. ईशा ताटाकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, यू नो धिस स्टोरी बेटर दॅन एनीवन. लोक किती वर्षं विचारत राहिले, तुम्हीच सांगता. मग तुम्ही का फक्त विचारत राहता?"

काकूंनी तिला दटावलं. काकांनी हात वर करून काकूंना थांबवलं.

"ईशू, त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती," ते म्हणाले. "ही जमीन आमची आहे. म्हणून त्यांना भांडता आलं. मी कुणाला सांगू, ही माझी आहे म्हणून? मी पाहुणा आहे. पाहुणा बंड करत नाही, बेटा. पाहुणा निघून जातो."

ईशा उठून आपल्या खोलीत गेली. त्यानंतर ती सभांना गेली नाही. बापलेकीत बोलणं होतं, पण ते परीक्षा, गाडीचं ऑइल आणि हवा यांच्यापुरतं.

पुढच्या वसंतात काकांच्या कंपनीनं त्यांचा अख्खा विभाग बंद केला. सकाळच्या कॉलवर त्यांना हे सांगण्यात आलं आणि दुपारपर्यंत त्यांचा लॉगिन चालेनासा झाला. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे त्यांच्यापुढे दोन महिने होते. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर देश सोडायचा. पन्नाशीच्या माणसाला दोन महिन्यांत नोकरी देणारी आणि वर व्हिसाची कटकट घेणारी कंपनी सापडणं किती कठीण आहे, हे आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी माझ्या ऑफिसात त्यांचा बायोडेटा दिला, इतरांनीही दिला. काका रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचे. त्याच दिवसांत ईशाचा विद्यार्थी व्हिसा मंजूर झाला. त्या बातमीला काकूंनी शिरा केला, आणि तो कुणालाच नीट खाता आला नाही, कारण त्याचा अर्थ तिघांनाही कळला होता. ती राहणार होती, हे दोघं जाणार होते.

जूनचा तो रविवार त्यांच्या शेवटच्या आठवड्यात आला. मला वाटलं होतं, या वर्षी ते जाणार नाहीत. ते गेले, आणि काकू, ईशा आणि मी, तिघीही बरोबर गेलो. त्या वर्षी टॉमनं त्यांना शिपायाऐवजी गिरणीवाल्याची भूमिका दिली होती. राजाशी निष्ठा सोडायला नकार देणारा, शेजाऱ्यांनी गिरणी जाळल्यावर बायकोमुलांना घेऊन जहाजानं कायमचा निघून जाणारा गावकरी. टॉमला त्यांची नोकरी गेल्याचं माहीत नव्हतं. काकांनी सांगितलंही नव्हतं.

खेळ झाल्यावर प्रेक्षक त्या त्या पात्राला प्रश्न विचारतात आणि नटानं पात्र न सोडता उत्तर द्यायचं, अशी तिथली रीत आहे. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं गिरणीवाल्याला विचारलं, तुमचे सगळे शेजारी उठले, मग तुम्हीच मागे का राहिलात? दर वर्षी या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर असायचं, राजा हा देवानं नेमलेला असतो वगैरे. काकांनी टोपी काढली. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत ते म्हणाले, की मला प्रत्येक वेळी वाटत होतं, अजून एकदा नीट विचारलं तर ते ऐकतील. लोकांना वाटलं, उत्तर संपलं. मग त्यांनी पुढं सांगितलं, "ते ऐकणार नाहीत, हे शेजाऱ्यांना माझ्या आधी कळलं. माझ्या मुलीलासुद्धा."

ईशा माझ्या शेजारी उभी होती. ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि त्यांच्या बाहीला धरून उभी राहिली. प्रेक्षकांना तोही खेळाचाच भाग वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घर रिकामं करायला आम्ही सगळे लागलो. सोफा आणि मिक्सर मला मिळाला, तुळस पाचव्या मजल्यावरच्या जोशीकाकूंकडे गेली. विमानतळावर काकू ईशाला पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या, जपून राहा, कुठं गर्दीत जाऊ नको. काका ट्रॉलीवर हात ठेवून ऐकत होते. आत जायच्या आधी त्यांनी ईशाला जवळ घेतलं. "माझ्या फाइलचा विचार करून तू खूप दिवस गप्प बसलीस," ते म्हणाले. "आता ती फाइल नाही. तुझं तू ठरव." काकूंनी त्यांच्याकडे रागानं बघितलं. मग तपासणीच्या रांगेत दोघं एकमेकांना पासपोर्ट काढून देत पुढे सरकली, आणि एका वळणावर दिसेनाशी झाली.

त्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधीनं नागरिकांची गाऱ्हाणी ऐकायला टाऊन हॉलमध्ये सभा ठेवली. ईशाला मताचा अधिकार नव्हता, मलाही नव्हता. तरी ती गेली आणि मी तिच्याबरोबर गेले. तिथं आपण दोघीच असू असं मला वाटत होतं, पण तिच्यासारख्या मुलांनी हॉल भरला होता, काही जण बाहेर थंडीत उभे होते. ईशाचा नंबर आला तेव्हा ती माइकपाशी गेली. ती तिला दिलेल्या वेळात बोलली, प्रतिनिधींनी तिचे आभार मानले, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

घरी आल्यावर मी नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती, काका चहा पीत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, कुणी त्रास दिला का? नाही म्हटलं. मग विचारलं, ती काय म्हणाली?

"नाव सांगितलं," मी म्हणाले. "आणि म्हणाली, मी इथं पाहुणी नाही, हे माझं घर आहे."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"असं म्हणाली?" काकांनी विचारलं. मी हो म्हणाले.

"मग ती काही आता परत यायची नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन काकूंकडे दिला.