चढावरची टिणटिण

कनेरगाव नाक्यावर धाब्यांची रांग संपते, तिथे एका कडुलिंबाखाली अमृतरावांचं गॅरेज होतं. चार बल्ल्या, वर पत्रे आणि इंजिन उचलायची एक साखळी. मी तेव्हा नाक्याजवळच्या शाळेत मास्तर होतो आणि माझी स्कूटर महिन्यातून दोनदा तरी त्यांच्याकडे असायची. त्या निमित्ताने त्यांच्या बाकड्यावर माझ्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या. आज ते दिवस आठवले की आधी त्यांची इस्त्री केलेली खाकी डगली आठवते. वीस वर्षं लष्करात गाड्या दुरुस्त करून ते एक्याण्णव साली गावी परतले होते. सकाळी विहारात जाऊन आले की बरोबर आठला गॅरेज उघडत.

आमच्या भागात ट्रक सगळे डिझेलचे. अपवाद एकच, तांड्यावरच्या वसरामचा. त्याने लष्करी लिलावातून एक टनी, पेट्रोलवर चालणारा हिरवा ट्रक आणला होता. लोक हसले, पण वसराम त्यात आठवडी बाजारांचे व्यापारी आणि त्यांची गाठोडी न्यायचा, लग्नसराईत वऱ्हाडं न्यायचा. त्याची बायको पारुबाई बाजारात मिरची-मसाला विकायची. ती कायम केबिनमध्ये त्याच्या शेजारी असायची.

शहाण्णवच्या हिवाळ्यात त्या इंजिनाला आवाज लागला. माल भरून चढ चढताना पत्र्याच्या डब्यात कोणी खिळे हलवावेत तशी बारीक टिणटिण. शहरातल्या एका मिस्त्रीने बेरिंग गेलं म्हणून सांगितलं, दुसऱ्याने पिस्टन. तिसरा म्हणाला, याला त्र्याण्णव ऑक्टेनचं भारी पेट्रोल पाहिजे, आणि ते मोठ्या शहराशिवाय मिळत नव्हतं. वसराम इतका वैतागला की त्याने भंगारवाल्याला बोलावणं धाडलं. भंगारवाला यायच्या आधी पारुबाईने ट्रक अमृतरावांच्या दारात उभा करायला लावला.

अमृतरावांनी बॉनेट उघडलंच नाही. ट्रकमध्ये पोती भरायला लावली आणि वसरामला गाडी चढावर घ्यायला सांगितली. मीही मागे चढलो. चौथ्या गिअरला टिणटिण सुरू झाली. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायला सांगितला, आवाज थांबला. तिसरा टाकायला सांगितला, आवाज निम्म्यावर आला. वर पोचल्यावर ते खाली उतरले आणि वसरामला म्हणाले, "बेरिंग गेलं असतं तर रिकाम्या गाडीतबी बोललं असतं, आन् ते जाड बोलते. हे पेट्रोल वेळेच्या आधी पेटून राहिलंय. इंजिन चांगलं हाय. इकू नको."

त्यांनी डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून ठिणगी जराशी उशिरा पडेल असं केलं. आवाज कमी झाला, पण गेला नाही. मग इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, खोललं. आत तव्यामागच्या काजळीसारखा जाड थर होता. दोन दिवस बसून त्यांनी तो खरवडला. ट्रक चार दिवस गुपचूप चालला आणि पुन्हा टिणटिणू लागला. अमृतरावांना ते फार लागलं.

शेवटी पारुबाईच म्हणाली, "भाऊ, वाशिमला टाकी भरून येतानी आवाज नसते. दोन दिसानं इकडं टाकी भरली का मंग येते."

त्यांनी तिला हेच तीनदा विचारलं. ती तिन्ही वेळा तेच बोलली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन बाटल्यांत दोन पंपांचं पेट्रोल आणलं आणि माझ्याकडून शाळेतला टीपकागद मागून घेतला. दोन थेंब शेजारी शेजारी टाकले. वाशिमकडचा थेंब बघता बघता उडाला, मागे काही राहिलं नाही. इकडच्या पंपाच्या थेंबाचा तेलकट डाग तसाच राहिला. त्या पेट्रोलात रॉकेल होतं. रॉकेलाने ऑक्टेन उतरतं, पेट्रोल दाब सोसत नाही आणि आधीच भडकतं, वर काजळीही धरते, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. त्र्याण्णवचं काय, असं वसरामने विचारलं. लष्करात हेच इंजिन साध्या सत्त्याऐंशीवर वर्षानुवर्षं पळालं, असं ते म्हणाले. साधंच भर, फक्त चोख भर. तो टीपकागद त्यांनी कडुलिंबाला खिळ्याने ठोकला आणि विचारणाऱ्याला नुसता दाखवला. भांडायला ते कुठे गेले नाहीत. पुढे त्या पंपाचा मालक बदलला.

ट्रक पुढची बारा वर्षं चालला. मधे बिनशिशाचं पेट्रोल आलं, जुन्या गाड्या संपणार अशी आवई उठली. शिशाविना व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात, म्हणून अमृतरावांनी व्हॉल्व्हचं अंतर वरचेवर तपासून तेही निभावलं.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात मात्र वेगळंच झालं. वसराम म्हणाला, आवाज पुन्हा आलाय. सगळे त्याच चढावर गेले. अमृतराव खिडकीबाहेर डोकं काढून ऐकत होते. काही नाही, म्हणाले. वसरामने पारुबाईकडे पाहिलं. मलाही टिणटिण स्पष्ट ऐकू येत होती, पण बोलायचा धीर झाला नाही.

"भाऊ, येऊन राहिला आवाज," पारुबाई हळू म्हणाली.

अमृतरावांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरून ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. म्हणाले, "बारीक आवाज मला साल झालं येत न्हाई, वैनी. लपवून राहिलो होतो."

वीस वर्षं लष्करी इंजिनांजवळ उभं राहिल्याने कान गेले होते. मग ते उठले, हातात पाना घेतला आणि पारुबाईला केबिनमध्ये बसवलं. अमृतराव डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवायचे, वसराम गाडी चढावर न्यायचा, ती सांगायची, आहे, कमी झाला, गेला. पाच फेऱ्यांत ठिणगीचं टायमिंग बसलं.

तेव्हापासून पेट्रोलची जीप आली की अमृतराव गिऱ्हाइकाला पारुबाई बाजारातून येईपर्यंत थांबवून घेत. पहिल्यांदा काही जण हसले. अमृतराव त्यांना चहा पाजत आणि बसायला सांगत. तिचा हिस्सा ते तिच्याच हातात देत. तिने नको म्हटलं तर काम करत नसत.

दोन हजार आठ साली ट्रकचे पार्ट मिळेनात. वसरामने डिझेलचा पिकअप घेतला. ट्रक भंगारात गेला त्या दिवशी अमृतरावांनी तो स्वतः धुतला, स्वतः हिंगोलीपर्यंत नेऊन पोचवला आणि एसटीने परत आले. नाक्यावर उतरल्यावर घरी न जाता बाजारात पारुबाईच्या शेजारी मिरच्यांच्या पोत्यावर बसले. पारुबाईने विचारलं, कसा गेला? बराबर गेला, ते म्हणाले, आणि मिरच्यांचे देठ खुडायला लागले.